काकांचा पासवर्ड

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय 26, यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. साडेचार वर्षं एका सेवा केंद्रात ऑपरेटर होतो. केंद्र ज्यांच्या नावावर आहे त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. दाखले, पीक विमा, फार्मर आयडी ही सगळी कामं काकांच्या आयडीवरून मीच करायचो. पासवर्ड त्यांनीच दिलेला, तो माझ्या मोबाईलमध्ये सेव्ह आहे. तीन महिन्यांचा पगार थकला म्हणून दिवाळीच्या आधी काम सोडलं. त्यानंतर दोनदा त्यांच्या आयडीनं आत गेलो. एकदा ओळखीच्या कास्तकाराला पीक विम्याची पावती काढून द्यायला. दुसऱ्यांदा सहाशेच्या वर ग्राहकांची यादी पेनड्राइव्हवर घेतली, कारण मला स्वतःचं केंद्र टाकायचं आहे. त्यातल्या चाळीसेक जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही केला. आता काकांना कळलंय. ‘हॅकिंगची केस टाकतो, तीन वर्षं आत जाशील,’ म्हणतात. मित्र म्हणतात, ‘पासवर्ड त्यानंच दिला होता, मग हॅकिंग कसली? उलट त्यालाच म्हण, पगार दे नाही तर तुझा आयडी बंद करतो.’ मी सगळं डिलीट करून मोकळं व्हावं का?

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आजच लागणार आहे. काहीही डिलीट करू नका. पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका, ग्रुप उडवू नका, मोबाईल रिसेट करू नका. तुम्ही आत गेलात त्याची नोंद तुमच्या मोबाईलमध्ये कमी आणि पोर्टलच्या सर्व्हरवर जास्त असते: कोणता आयडी, कोणती तारीख, किती वाजता, कोणत्या आयपी पत्त्यावरून (म्हणजे कोणत्या इंटरनेट जोडणीवरून), आत जाऊन काय उतरवलं. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं दिलेल्या निर्देशांनुसार सरकारी यंत्रणांनाही अशा नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. म्हणजे तुमच्याकडचं पुसून त्यांच्याकडचं पुसलं जाणार नाही. पुसलं जाईल ते तुमच्याच उपयोगाचं. त्या कास्तकारानं तुम्हाला केलेला फोन, ‘भाऊ, पावती काढून दे’ हा त्याचा मेसेज, पगाराबद्दल काकांशी झालेलं बोलणं. शिवाय पुरावा म्हणून मागितली जाऊ शकेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 241 खाली वेगळा गुन्हा आहे. आज घाबरून केलेली सफाई उद्या वेगळं कलम होऊन समोर येते.

आता काकांच्या ‘हॅकिंग’कडे वळू. हा शब्द माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2000 साली होता, कलम 66 चं शीर्षकच तसं होतं. 2008 ची दुरुस्ती 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झाली आणि तो शब्द गेला. त्यामुळं ‘मी कुठं काही फोडलं?’ हा मित्रांचा युक्तिवाद ठाण्यात फारसा टिकत नाही. कुलूप फोडलं की किल्लीनं उघडलं, हे कायदा आता विचारत नाही. तो दोन गोष्टी विचारतो. परवानगी होती का, आणि मनात काय होतं?

परवानगीचा प्रश्न कलम 43 मध्ये येतो. संगणकाच्या किंवा यंत्रणेच्या मालकाच्या, अथवा ती ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या, परवानगीशिवाय आत शिरणं, माहिती उतरवून घेणं किंवा तिची नक्कल करणं, ती बदलणं वा पुसणं, हक्काच्या माणसाला आत जाऊ न देणं, हे सगळं त्यात येतं. नुसतं लॉगिन करून बघून बाहेर येणं हासुद्धा प्रवेशच. एवढ्यावर नुकसानभरपाई मागता येते. ती फौजदारी कोर्टात मागत नाहीत, त्यासाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांपुढं, निर्णय अधिकारी म्हणून, अर्ज करावा लागतो. पाच कोटींपर्यंतचे दावे तिथं चालतात. तालुक्याच्या भांडणासाठी मुंबईला अर्ज करायला सहसा कोणी जात नाही, ते सोडा.

मनाचा प्रश्न कलम 66 मध्ये. कलम 43 मधली तीच कृती ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटानं’ केली, तर तो गुन्हा होतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अप्रामाणिकपणे म्हणजे एकाला गैर फायदा किंवा दुसऱ्याला गैर तोटा व्हावा या हेतूनं. दुसऱ्याचा पासवर्ड अशाच हेतूनं वापरला तर त्यासाठी कलम 66-क वेगळं आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

तुमच्या मित्रांची गल्लत इथंच होते. पासवर्ड दिला म्हणजे परवानगी दिली, हे काम चालू होतं तोवर आणि कामापुरतंच खरं होतं. सालदाराकडं वावरातल्या कोठ्याची किल्ली असते. साल संपल्यावर ती परत द्यायची राहिली, म्हणून पुढच्या हंगामात कोठा उघडून बियाणं काढायचा हक्क राहतो का? तुम्ही काम सोडलं त्या दिवशी परवानगी संपली. काकांनी पासवर्ड बदलला नाही, हा त्यांचा गहाळपणा. तो तुमचा परवाना होत नाही.

पण तुमची दोन लॉगिनं मी एका तागडीत टाकणार नाही, आणि चांगला वकीलही टाकणार नाही.

पहिल्या वेळी कास्तकाराची पावती, त्याच्याच सांगण्यावरून, त्यालाच दिली. परवानगी नव्हती, त्यामुळं कलम 43 चा मुद्दा उरतो. गैर फायदा कोणाला झाला, हे मात्र तक्रारदाराला दाखवता येणं अवघड आहे. एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही आणि ती मी नक्की विचारेन: त्या पावतीचे वीस-तीस रुपये घेतले होते का? घेतले असतील तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. रक्कम कितीही लहान असली तरी त्यानं चित्र बदलतं, आणि ते समोरच्याच्या तोंडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

दुसऱ्या वेळचं सरळ सांगतो. काम सोडल्यावर, मालकाच्या आयडीनं, त्याच्याच धंद्यासमोर स्वतःचा धंदा उभा करायला यादी उतरवली. कलम 66 मध्ये बसवायला तपास अधिकाऱ्याला फार डोकं लावावं लागणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळं ती यादी नुसती उतरवली नाही, वापरली, हेही दिसतं. ‘पगार दिला नाही म्हणून घेतली’ हे बोलायला बरं वाटतं. थकलेला पगार हा मात्र यादी उचलण्याचा बचाव होत नाही.

आणि ती यादी कोणाची, हा प्रश्न तुम्हा दोघांनाही पडलेला दिसत नाही. काका म्हणतात माझे ग्राहक, तुम्ही म्हणता कामं मी केली. त्यात नावं, गावं, मोबाईल नंबर आहेत, आणि बहुधा बँक खाते व आधार क्रमांकही असतील. ती माहिती कास्तकारांनी विमा भरायला, दाखला काढायला दिली होती. आधार क्रमांक असतील तर 2016 च्या आधार कायद्याची कलमंही चर्चेत येऊ शकतात. म्हणून यादीत काय आहे ते वकिलाला सांगा. मात्र त्यासाठी फाइल उघडून सेव्ह करू नका, शेवटच्या बदलाची तारीख बदलते. खरं तर उघडूच नका. त्यात काय होतं ते आठवणीनं कागदावर लिहा.

पेनड्राइव्हचं काय करायचं? लिफाफ्यात घाला, लिफाफा चिकटवा, वर तारीख आणि सही करा, आणि वकिलाच्या ताब्यात द्या. दुसऱ्या लॅपटॉपला लावून नक्कल काढू नका. परत करायची झाली तर वकिलामार्फत, पोच घेऊन. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून निघणारा तिच्या बोटाच्या ठशासारखा क्रमांक, लिहितात. फाइलमध्ये एका अक्षराचा बदल झाला तरी ही व्हॅल्यू बदलते. मूळ जशीच्या तशी राहिली तर ‘मी यात काही भर घातली नाही’ हे तुम्हालाही दाखवता येतं. ग्रुपमध्ये नवं काही टाकू नका. ‘केंद्र सुरू झाल्यावर कळवतो’ असंही नको.

मोबाईलमधल्या पासवर्डबाबत भली माणसं एक चूक हमखास करतात. ‘शेवटचं एकदा आत जातो, माझा नंबर तिथून काढतो, पासवर्ड बदलून काकांना कळवतो’ असं ठरवतात. ते तिसरं लॉगिन होतं. पासवर्ड बदलला तर हक्काच्या माणसाला बाहेर ठेवल्याचा आरोप वर येतो. त्या पोर्टलचं पानही उघडू नका, ब्राउझर जुना पासवर्ड आपोआप भरून कधी आत नेईल सांगता येत नाही. मोबाईलमधला जतन केलेला पासवर्डही तूर्त तसाच राहू द्या. तो काढायचा की नाही, हे वकील सांगेल. वकिलाला दाखवून काकांना असा मजकूर पोच घेऊन पाठवा:

‘मी अमुक तारखेपासून आपल्या केंद्रातलं काम सोडलं आहे. आपल्या आयडीचा पासवर्ड कामाच्या काळात मला दिलेला होता. तो आपण तातडीनं बदलावा आणि नोंदीतला माझा मोबाईल नंबर काढून टाकावा. यापुढं माझ्याकडून त्या आयडीचा वापर होणार नाही.’

बस, एवढंच. यात माफी नाही, कबुली नाही, पगारही नाही. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘काका, माझ्या हातून चोरी झाली, माफ करा’ असा व्हॉइस मेसेज पाठवायची इच्छा होईल. तो सकाळी ठाण्यात ऐकवला जाईल. माफी मागायची असेल तर समोर बसून, वकिलाशी बोलल्यावर. मागूच नका असं मी म्हणत नाही.

‘पगार दे नाही तर आयडी बंद करतो’ हा मित्रांचा दुसरा सल्ला पहिल्याहून वाईट आहे. काकांची बाजू कच्ची आहे, हे खरं. असे आयडी ज्याच्या नावावर आहेत त्यानंच वापरायचे असतात. चार-साडेचार वर्षं त्यांनी तो तुमच्या हाती सोडला, तेव्हा तुमच्याविरुद्ध तक्रार करताना ते स्वतःचंही पान उघडं करणार. त्यांना हे कळत असेल, म्हणूनच अजून ठाण्यात गेले नसतील. पण हीच गोष्ट धमकी म्हणून वापरून पैसे मागितले, तर ते न्याय संहितेच्या कलम 308 ला, म्हणजे खंडणीला, आमंत्रण ठरतं. पगाराचा रस्ता वेगळा ठेवा. कोणत्या महिन्यांचा किती बाकी, आधी पैसे कसे मिळायचे, फोनपेच्या नोंदी, हजेरीची वही, हे एका कागदावर मांडून जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या. दोन्ही भांडणं एका पत्रात घातली की सौदेबाजी वाटते.

तक्रार झालीच तर? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या हुद्द्याखालचा अधिकारी करू शकत नाही, कलम 78. म्हणजे ठाणेदार निरीक्षक हुद्द्याचा असेल तर तो स्वतः, किंवा प्रकरण जिल्ह्याच्या सायबर ठाण्याकडं जातं. बीट जमादारानं फोन करून ‘ये, दोन मिनिटं बोलू’ म्हटलं तर नम्रपणे लेखी नोटीस मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 35(3) ची, म्हणजे पोलिसांपुढं हजर राहण्याची, नोटीस आली तर मात्र तारीख चुकवू नका. या नोटिशीला हजर राहणाऱ्याला सहसा अटक होत नाही आणि न जाणं हेच अटकेचं कारण होऊ शकतं. कलम 66 आणि 66-क हे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. पण ते जामीनपात्रही आहेत, कलम 77-ब. जामीन हक्कानं मिळतो. जामीनदार, त्याचं आधार आणि सातबारा तयार ठेवा, म्हणजे संध्याकाळी धावपळ नको. ‘तीन वर्षं आत जाशील’ यातली तीन वर्षं ही कमाल मर्यादा आहे, दोष सिद्ध झाल्यावरची.

घोळ होतो तो दुसरीकडं. तक्रारीत फसवणुकीचं कलम 318(4) किंवा विश्वासघाताचं 316 जोडलं गेलं की प्रकरण अजामीनपात्र होतं, आणि मग सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाला पळावं लागतं. इथं मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर 2018 चा एक निकाल वकिलाच्या कानावर घाला. कर्मचाऱ्यांनी कंपनीचा सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, नेल्याचा आरोप होता. एकाच कृत्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं विशेष कलम लागत असताना जुन्या दंड संहितेची 408 (नोकरानं केलेला विश्वासघात) आणि 420 (फसवणूक) ही कलमं लावता येणार नाहीत, असं न्यायालयानं म्हटलं होतं. तुमच्या प्रकरणात त्याचा किती उपयोग, हे एफआयआरमधले शब्द पाहून वकीलच ठरवेल.

मोबाईल जप्त झाला तर पंचनाम्याची प्रत मागा. त्यात आयएमईआय क्रमांक, म्हणजे मोबाईलचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहिला आहे का ते बघा. झडती-जप्तीचं चित्रीकरण करणं आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नं बंधनकारक आहे. मोबाईलचं लॉक उघडून द्यायचं का, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. तो वकिलासमोरच सोडवा. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, आणि महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो. दूरध्वनी 15100. आणि 1930 हा क्रमांक पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, या भांडणासाठी तो काकांच्याही कामाचा नाही आणि तुमच्याही.

मिटवता येईल का? येईल. कलम 77-अ नुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षेचे या कायद्यातले गुन्हे न्यायालयाच्या संमतीनं तडजोडीनं मिटू शकतात. आधीची शिक्षा असेल, किंवा गुन्हा स्त्री वा अठराच्या आतल्या मुलाविरुद्ध असेल, तर नाही. गुन्हा दाखल होण्याआधी मिटलं तर अर्थातच सगळ्यात बरं. यादी परत, ग्रुप वकिलाच्या सल्ल्यानं बंद, पासवर्ड बदललेला, पगाराचा हिशेब वेगळ्या कागदावर. गावातलं कोणी जाणतं माणूस मध्ये बसलं तर काका ऐकतील असं पत्रावरून वाटतं. साडेचार वर्षं ज्याच्या हाती आयडी सोडला, त्याच्यावर त्यांचा विश्वास होताच. राग त्याचाच आहे.

तुमच्यासारखेच बाकीचे बरेच जण हे वाचत असतील. ग्रामसेवकाच्या लॉगिननं काम करणारा ग्रामपंचायतीचा परिचालक, मुख्याध्यापकांचा पासवर्ड सांभाळणारा शाळेतला तरुण शिक्षक, सोसायटीच्या सचिवाचा संगणक चालवणारा पुतण्या. तुम्हाला आज जे काम सांगितलं जातं, त्याचा एखादा लेखी धागा ठेवा. मोठा आदेश कोणी देत नाही, मागायची सोयही नसते. पण ‘साहेब, आज तुमच्या लॉगिनवरून अमुक नोंदी भरल्या’ असा संध्याकाळचा एक मेसेज आणि त्यावरचं ‘ओके’ पुरेसं असतं. ओटीपी त्यांच्या मोबाईलवर येऊ द्या, तुमच्यावर नको. आणि काम सोडताना शेवटच्या दिवशीच पासवर्ड त्यांच्या समोर बसून त्यांनाच बदलायला लावा, नवा बघू नका. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्या दिवशी कोणी कोणाशी धड बोलत नसतं म्हणून राहून जातं.

तुमच्या नव्या केंद्राला यादी लागणारच नाही, असं मला वाटतं. साडेचार वर्षांत ज्यांनी तुम्हाला स्वतःहून नंबर दिला, ज्यांचे फोन थेट तुमच्या मोबाईलवर येत होते, ती ओळख तुमची आहे. फक्त ती आणि पेनड्राइव्हवरचे सहाशे यांत सरमिसळ होऊ देऊ नका. स्वतःचा आयडी मिळवताना चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला गेला तर प्रलंबित गुन्हा तिथं आडवा येतो. म्हणून आधी हे मिटवा, मग फलक लावा. बाजाराच्या दिवशी लावा, दुपारपर्यंत दहा गावांना कळेल.

तो पावतीवाला कास्तकार पुन्हा येईल, असे लोक येतातच. त्याला पीक विम्याच्या पोर्टलवर पावती क्रमांक टाकून अर्जाची स्थिती त्याच्या स्वतःच्या मोबाईलवर कशी बघायची ते दाखवा. पावती हरवलीच असेल तर पीक विम्याच्या 14447 या मदत क्रमांकावर त्याच्याच फोनवरून, त्यालाच बोलू द्या.